‘मुक्त’ टंक: लेबलावर उत्तम, कमानीवर बेताचा

कोल्हापुरातील जाहिरात संस्थेत वरिष्ठ ग्राफिक डिझायनर म्हणून गुळाच्या खोक्यापासून चपलांच्या दुकानाच्या माहितीपत्रकापर्यंत सर्व कामांत लागणारा देवनागरी टंक (फाँट) म्हणून मुंबईच्या ‘एक टाइप’ या टंकनिर्मिती संस्थेने घडवलेल्या ‘मुक्त’ची शिफारस मी निःसंकोच करतो. तो विनामूल्य असून खुल्या परवान्यामुळे व्यावसायिक कामातही चालतो, आणि अतिबारीक ते अतिठळक अशी 7 वजने (रेषेच्या जाडीचे प्रकार) असल्याने उत्पादनाचे नाव, मधला मजकूर आणि निव्वळ वजन, पत्ता यांच्या बारीक ओळी एकाच टंककुटुंबात बसतात. त्याचा खरा कस लहान आकारातच लागतो: खडबडीत क्राफ्ट कागदावर शाई थोडी पसरली तरी ‘क्ष’ किंवा ‘ष्ट्र’मधील पोकळ्या सहसा बुजत नाहीत, कारण रेषांची जाडी जवळपास सारखी आणि अक्षरांचे पोट मोकळे आहे.

मोठ्या आकारात मात्र तो फिका पडतो. तालमीच्या गणेशोत्सवाच्या कमानीला लागणारा रुबाब त्यात नाही. तिथे हाताने रेखाटलेले अक्षरच हवे (ग्राहकही तेच मागतो).

इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्यांची अक्षरजुळणी करणारा पर्याय) निवडल्याशिवाय वेलांट्या आणि जोडाक्षरे जागेवर येत नाहीत. तो दोष टंकाचा नव्हे. शाहूपुरीतल्या छापखान्याला टंक अंतर्भूत केलेली पीडीएफच द्यावी, आणि ग्राहकाचा मजकूर युनिकोडपूर्व टंकातून (अक्षरांसाठी युनिकोड ही सामाईक संकेतप्रणाली न वापरणाऱ्या जुन्या टंकातून) रूपांतरित केलेला असेल, तर प्रत्येक रफार डोळ्यांखालून घालावा.