बेसुमार की बेफाम?

ताळतंत्र सुटलं की आपण हे दोन्ही शब्द सर्रास वापरतो, पण त्यांची अदलाबदल मला खटकते. दोन्ही फारसी वळणाचे, दोन्हीत 'बे' म्हणजे 'विना'. फरक पुढच्या अर्ध्या भागात आहे.

'सुमार' म्हणजे मोजदाद, अंदाज. 'सुमारे शंभर' मधला तोच. म्हणून बेसुमार हा प्रमाणाचा शब्द. सांगली जिल्ह्यात त्याची उदाहरणं शोधावी लागत नाहीत. कृष्णेतला बेसुमार वाळूउपसा. उसाला पाटानं दिलेलं बेसुमार पाणी, ज्यानं मिरज, पलूस, वाळवा भागातली काळी कसदार रानं क्षारपड झाली. तिथं पाणी देणारा शेतकरी बेफाम नव्हता. तो शांतपणे, पीक चांगलं यावं म्हणूनच पाणी सोडत होता. चुकलं ते माप. इथं 'बेफाम पाणी दिलं' लिहिलं तर त्या माणसावर अन्याय होतो.

'फाम' म्हणजे भान, समज. ते हरपलं की बेफाम. शर्यतीत उधळलेला बैल बेफाम, रागानं सुटलेली जीभ बेफाम. एकच शिवी दिली तरी माणूस बेफाम असू शकतो, तिथं मोजायचं काही नसतं.

नदीला मात्र दोन्ही लागतात. 2019 च्या महापुरात पाऊस बेसुमार झाला आणि कृष्णा बेफाम झाली.

लिहिताना हात अडला तर मी एकच बघतो: माप सुटलंय की भान? बातम्यांत 'बेफाम वृक्षतोड' वाचलं की म्हणूनच थांबायला होतं. झाडं तोडणाऱ्यांचं भान चांगलं शाबूत असतं.