गोलाईतला सुटा चहा: एक डबा ‘मिक्स’चा, एक ‘ब्लेंड’चा

लातूरच्या गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या एका रस्त्याच्या तोंडाशी सुट्या चहापत्तीचं जुनं दुकान आहे. दुकानावरची पाटी उन्हानं पार विटली आहे, नाव वाचता येत नाही. सगळे ‘चहावाल्या काकांचं दुकान’ म्हणूनच ओळखतात. दीड वर्षापासून आमच्या घरचा चहा तिथूनच येतो. चहा चांगला आहे म्हणून हे लिहितेच आहे, पण तिथं मला एका इंग्रजी शब्दाचा अर्थ पहिल्यांदा नीट कळला, तेही सांगायचं आहे.

मी औसा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवते. सातवीच्या वर्गात एक पाककृती वाचून दाखवत होते. तिच्यात एका ओळीत ‘मिक्स’ होतं आणि पुढच्याच ओळीत ‘ब्लेंड’. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, “बाई, दोन्हीचा अर्थ मिसळणेच लिव्हायचा का?” मी म्हणाले, “हो, लिही.” संध्याकाळी एसटीत बसल्यावर ते उत्तर मनाला लागून राहिलं. लिहिणाऱ्यानं दोन शब्द वापरले, ते उगीच वापरले नसणार.

त्याच सुमारास घरी चहाची तक्रार सुरू होती. दुसऱ्या एका दुकानातून मी ‘फॅमिली मिक्स’ नावाची अर्धा किलो पत्ती आणली होती. पहिल्या आठवड्यात चहाला रंगच येईना. सासूबाई म्हणाल्या, पत्ती जुनी दिसते. महिनाअखेरीला त्याच डब्यातला चहा काळाकुट्ट आणि कडू व्हायला लागला. पत्ती तीच, भांडं तेच, दूधवालाही तोच.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तो डबा पिशवीत घालून गोलाईत गेले. काकांनी डबा उघडून तळातली पत्ती कागदावर ओतली आणि माझ्यापुढं धरली. नुसती भुकटी. “मॅडम, हे मिक्स हाय. दाणेदार पत्ती अन् डस्ट एका पिशवीत घालून हलवलं की झालं. डस्ट बारीक, ती खाली बसती. वरचा चहा पांचट, खालचा कडू. दोघींची गाठच पडली नाही बघा.”

मग त्यांनी फळीवरचा दुसरा डबा काढला. त्यावर रंगानं ‘ब्लेंड’ लिहिलेलं. मी विचारलं, यात वेगळं काय? ते म्हणाले, “ह्यात चव मिळून आली पाहिजे. नाही आली तर मी डब्यावर ते नाव लिहीत नसतो.”

मिळून येणे! आमटी चांगली झाली की आपण म्हणतो, आज आमटी मिळून आलीय. हा शब्द रोज माझ्या तोंडात होता आणि वर्गात मात्र मला सुचला नव्हता.

काकांच्या ब्लेंडमध्ये आसामची सीटीसी पत्ती तीन भाग आणि दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरातल्या चहाची एक भाग असते. सीटीसी म्हणजे क्रश, टिअर, कर्ल. दातेरी रुळांमध्ये पान चिरडतं, फाटतं आणि गोल दाणा वळतो. आपल्याकडं दूध-साखर-आलं घालून उकळायच्या चहाला हाच दाणा लागतो, कारण आसामचा दम दुधातही टिकतो. निलगिरीला तेवढा दम नाही, पण वास फार सुरेख. काकांनी छोट्या शेगडीवर दोन्ही वेगवेगळे, बिनदुधाचे उकळून मला घोट घोट दिले. नुसता आसाम जिभेवर जड वाटला. नुसती निलगिरी हलकी, घशाखाली गेल्यावर मागं वास ठेवणारी. मग ब्लेंडचा घोट दिला. आधी दम आला, मागून वास आला आणि दोन्ही एकाच घोटात बसले. शोधलं तर दोन्ही सापडत होते, पण एकानं दुसऱ्याला दाबलेलं नव्हतं.

पत्ती कालवायची त्यांची पद्धत मी पुढच्या फेरीत पाहिली. स्वच्छ सुती चादर अंथरून आधी आसामचा थर, त्यावर निलगिरीचा, पुन्हा आसामचा. मग चादरीची समोरासमोरची टोकं आळीपाळीनं उचलून रास उलटवायची. खळ्यावर धान्याची रास करतात तशीच ती दिसते. महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोन्ही पत्त्यांचा दाणा ते सारख्याच आकाराचा निवडतात, म्हणून बारीक दाणा तळाशी जाऊन बसत नाही. डस्ट ते वेगळी विकतात, हॉटेलवाल्यांना. शिवाय आसामची पत्ती हंगामाप्रमाणे बदलते. मे-जूनची चांगली, पावसाळ्यातली हलकी. चव तीच राहावी म्हणून दर खेपेला घोट घेऊन प्रमाण थोडं इकडंतिकडं करावं लागतं. ब्लेंड करणाऱ्याचं खरं कसब इथं आहे. मिक्स करायला हात पुरे, ब्लेंडला जीभही लागते.

घरी येऊन मी शब्दकोश काढला. ‘मिक्स’ लॅटिन ‘मिस्केरे’कडून आलेला. आपला संस्कृत ‘मिश्र’ त्याच मुळातला, आणि त्यातूनच आपली मिसळ. म्हणजे ‘मिक्स’ला ‘मिसळणे’ म्हणायला लावलं त्यात माझी चूक नव्हती, ते शब्द एकाच घराण्यातले निघाले. ‘ब्लेंड’चा उगम मात्र उत्तर युरोपातल्या नॉर्स भाषेकडचा. मूळ अर्थ मिसळणेच, पण आजच्या वापरात दोघांची कामं वेगळी झाली आहेत. ‘मिक्स’ कृती सांगतो, ‘ब्लेंड’ बहुतेक वेळा परिणामही सांगतो. मनात आनंद आणि दुःख दोन्ही असेल तर ‘मिक्स्ड फीलिंग्ज’ म्हणायचं, तिथं ‘ब्लेंडेड’ चालत नाही, कारण त्या भावना वेगवेगळ्याच राहतात. बॅडमिंटनमध्ये ‘मिक्स्ड डबल्स’च. उलट गर्दीत किंवा घोळक्यात कुणी उठून दिसेनासं झालं, तर ‘ब्लेंड इन’. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या घरातली एक मुलगी उन्हाळ्याच्या तोंडाशी वर्गात परतली. चार दिवस कोपऱ्यात बसायची, पाचव्या दिवशी लंगडीच्या डावात ती कुठली हे ओळखू येईना. याला इंग्रजीत ‘ब्लेंडेड इन’, आणि मराठीत मात्र आपण ‘मिसळून गेली’च म्हणतो. सगळीकडं एकच मराठी शब्द बसवता येत नाही, हे मुलांना सांगायलाच हवं.

यंत्रांचं तर उलटंच आहे. आपल्या ओट्यावरच्या ज्या यंत्रात लस्सी फिरवतो त्याला आपण मिक्सर म्हणतो. तसल्या यंत्राला इंग्लंड-अमेरिकेत ब्लेंडर म्हणतात. तिथं मिक्सर मागितला तर अंडी फेटायचं, केकचं पीठ कालवायचं यंत्र हातात येईल.

वर्गात हे कसं सांगावं याचा विचार करत होते, तेवढ्यात येळवस आली. आमच्या भागात वेळ अमावस्येला सगळं गाव शेतात जेवतं, म्हणून दुसऱ्या दिवशी मुलांच्या तोंडी तोच विषय. मी फळ्यावर दोन रकाने केले आणि विचारलं, भज्जी कुठं लिहू, अंबील कुठं? भज्जीत तूर, वाटाणा, पावटा, हरभरा, शेंगा, चिंच, भाज्या आणि डाळीचं पीठ. अंबिलात ताक आणि ज्वारीचं पीठ, वर लसणाचा वास. मागच्या बाकावरचा एक पोरगा उठून म्हणाला, “बाई, भज्जीतला वाटाणा बोटानं काढता येतो. अंबिलातलं पीठ कसं काढाल?” भज्जी ‘मिक्स’मध्ये गेली, अंबील ‘ब्लेंड’मध्ये. मग त्या पहिल्या बाकावरच्या मुलीला मी सगळ्यांसमोर सांगितलं की त्या दिवशीचं माझं उत्तर अपुरं होतं. तिनं वहीत ‘ब्लेंड’पुढं ‘मिसळून एकजीव करणे, मिळून येणे’ असं लिहिलं. मीही माझ्या टाचणवहीत तेच लिहिलं.

‘ब्लेंड’ हा शब्दही मुलांना आवडला, कारण त्याच्या सुरुवातीला बी आणि एलचे आवाज लागोपाठ येतात, आणि अशा जोडआवाजालाही इंग्रजी शिकवताना ‘ब्लेंड’च म्हणतात. दोन्ही आवाज ऐकू येतात, तरी मध्ये फट राहत नाही. मला तो काकांचा घोटच आठवला.

आता दुकानाबद्दल. ब्लेंड ४८० रुपये किलो, मिक्स ३६० रुपये. फरक मोठा वाटतो, पण पाव किलो ब्लेंड आमच्या पाच माणसांच्या घरात सतरा-अठरा दिवस पुरतो आणि डबा संपेपर्यंत चव एकच राहते. निलगिरी संपली असेल तर काका ब्लेंड देतच नाहीत. “गुरुवारी या” म्हणतात. माझी एक खेप त्यात फुकट गेली, तरी मला ते पटलं.

दोन गोष्टी मात्र खटकतात. पत्ती पातळ प्लास्टिकच्या पिशवीत देतात, त्यात आठ दिवसांत वास उडतो. आणि बाजाराच्या दिवशी गर्दीत गल्ल्यावर त्यांचा पुतण्या असतो. तो घाईत पिंपाच्या तळातलंच भरून देतो. काकांना मी हे सांगितलं, त्यांनी पुतण्याला माझ्यासमोर रास उलटवायला लावली, पण पुढच्या खेपेला पुन्हा तेच झालं.

म्हणून जायचं तर दुपारी दोन ते चारमध्ये जा, तेव्हा काका स्वतः असतात. घरून घट्ट झाकणाचा डबा न्या. आणि पहिल्यांदाच जात असाल तर दोन्ही पत्त्या वेगवेगळ्या चाखायला मागा. ते शेगडी पेटवतात, पैसे घेत नाहीत.