स्वस्तातले कॉर्डलेस आणि ७०० मेगाहर्ट्झचा चकवा

दोन कॉर्डलेस (बिनतारी) हॅन्ड माईक, दोन हेडसेट, चार रिसीव्हर, सगळं एका ॲल्युमिनियमच्या पेटीत, भाव २८,००० रुपये. कुडाळ तालुक्यातल्या एका भजन मंडळाने गणपतीच्या तोंडावर हा माल घेतला. पैसे मुंबईच्या चाकरमान्यांच्या वर्गणीतले. माल नकली नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. नावाजलेल्या कंपनीचा, अस्सल, आवाजाला सुरेख, अमेरिकेत वापरून झालेला. रिसीव्हरच्या पाठीवर बारीक अक्षरांत ७३४–७७६ मेगाहर्ट्झ हा वारंवारतेचा पट्टा छापलेला होता आणि नेमकं त्यावरच विकणाऱ्याने आपलं वॉरंटीचं स्टिकर चिकटवलं होतं. सगळी मेख त्या स्टिकरखाली होती.

असा माल इतका स्वस्त का सुटतो? अमेरिकेत १२ जून २०१० नंतर ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात कॉर्डलेस वापरायला बंदी आली, कारण तो पट्टा मोबाईलला गेला. मग ६०० मेगाहर्ट्झचा लिलाव झाला आणि १३ जुलै २०२० नंतर त्या पट्ट्याच्या बहुतेक भागातूनही माईकवाल्यांना उठावं लागलं. ब्रिटनमध्ये ६९४ ते ७९० हा भाग १ मे २०२० पासून माईकला बंद आहे. चांगला चालणारा माल तिकडे एका दिवसात निकामी ठरतो. तो भंगारात जायला हवा, पण त्यातला काही पेटीत भरून इथे येतो.

‘आम्ही असलाच सेट कित्येक वर्षं वापरला, कधी कुरकुर नाही,’ असं सांगणारे जुने साउंडवाले भेटतील. ते खोटं बोलत नाहीत. आपल्याकडे ७०० मेगाहर्ट्झ २०१६ आणि २०२१ या दोन्ही लिलावांत कुणीच घेतला नव्हता, त्यामुळे पट्टा रिकामा पडून होता. २०२२ च्या लिलावात जिओने तो देशभरासाठी घेतला आणि ५जी सुरू केलं. बीएसएनएलचं ४जीही याच पट्ट्यात आहे. विकणारा दाखले देतो ते रिकाम्या पट्ट्याच्या काळातले.

त्या पट्ट्यात आता काय चालतं ते नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी फसवणूक त्यावरच उभी आहे. ७०३ ते ७४८ मध्ये लोकांच्या हातातले फोन टॉवरशी बोलतात. ७५८ ते ८०३ मध्ये टॉवर फोनशी बोलतो. मधली ७४८ ते ७५८ ही १० मेगाहर्ट्झची फट मोकळी आहे. ७३४–७७६ चा सेट या तिन्ही भागांवर पाय टाकून बसतो. वरच्या भागात लावलात तर टॉवरची खरखर दिवसरात्र येते आणि विकत घेतानाच कळते. खालच्या भागात लावलात तर दुपारच्या साउंड चेकला सगळं ठीक असतं आणि रात्री घात होतो.

रात्रीच का? कॉर्डलेसचा ट्रान्समीटर १० ते ३० मिलीवॉट ताकदीचा. फोन गरज पडली तर २०० मिलीवॉटपर्यंत जातो. आपल्या वाड्या डोंगराच्या कुशीत, टॉवर लांब, म्हणून फोन पूर्ण ताकदीनेच ओरडत असतो. रिसीव्हर ठेवलेला असतो मंडपाच्या कडेला मिक्सरपाशी, म्हणजे बरोब्बर गर्दीत. बुवा चाळीस फुटांवर आणि रील चढवणारा पोरगा चार फुटांवर. रिसीव्हरला पोरगाच ऐकू येणार. डबलबारी (दोन बुवांचा भजनाचा सामना) रंगात आली, समोरच्या दोनशे जणांनी फोन वर धरले की आधी रिसीव्हरवरची आरएफची पट्टी (सिग्नलची ताकद दाखवणारी) उगाच वरखाली नाचते, मग फर्रर्र, मग शब्दाचं शेपूट तुटतं, शेवटी माईक मुका. लोक बुवांना दोष देतात, बुवा साउंडवाल्याला. दशावतारात हे आणखी वाईट, कारण बॉडीपॅक (हेडसेटचा ट्रान्समीटर) घामेजलेल्या अंगाला, जड पेहरावाखाली असतो. शरीर सिग्नल पिऊन टाकतं, म्हणजे आपली बाजू आधीच लंगडी.

आता दुकानातला डेमो. एकच माईक चालू, रिसीव्हर सहा फुटांवर, स्क्वेल्च (कमजोर सिग्नल दाबणारी कळ) पूर्ण वर चढवलेला. स्क्वेल्च चढवला की खरखर दाबली जाते आणि सेट स्वच्छ वाटतो, पण पल्ला निम्म्याखाली येतो. वर विकणारा मालवणीत दोन वाक्यं टाकतो, ‘गाववाल्यांनू, तुमच्याकडसून काय जास्ती घेणार?’ आणि गिऱ्हाईक विरघळतं.

या मंडळाने तक्रार केली तेव्हा दुसरा डाव पडला. ‘तुमच्याकडे लायसन नाही म्हणून त्रास होतो,’ असं सांगून ४,५०० रुपये एका खासगी यूपीआय खात्यावर घेतले आणि ईटीएचा कागद पाठवला. मुळात कागदाने खरखर जात नाही. त्यात ईटीए म्हणजे उपकरणाच्या मॉडेलला मिळणारी मंजुरी. ती दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा देते, अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो आणि तो करतो आयातदार किंवा उत्पादक. माईक वापरणाऱ्याला वर्षाला फी भरून ईटीए घ्यावी लागत नाही. स्वयंघोषणेवर मिळणारी ईटीए फक्त परवानामुक्त पट्ट्यांतल्या उपकरणांची असते, उदाहरणार्थ ८६५–८६८ मेगाहर्ट्झ आणि २.४ गिगाहर्ट्झ. ७३४ च्या माईकची तसली ईटीए कुणी दाखवली तर कागद खोटा किंवा दुसऱ्याच मालाचा. या कागदावर मॉडेल होतं एका २.४ गिगाहर्ट्झच्या ब्लूटूथ स्पीकरचं. वाचलं कुणी? कुणीच नाही. शिक्का मात्र सगळ्यांनी पाहिला.

तिसरा डाव ‘रिट्यून’चा, सेटमागे १,५०० प्रमाणे ६,००० रुपये. माणूस घरी आला, चारही सेट त्या मधल्या फटीत आणून ठेवले: ७५०, ७५१, ७५२, ७५३. दोन माईक लावून दाखवले, झकास चालले. पैसे घेऊन गेला. चारही लावले तेव्हा शिट्टी आणि भुरभुर. हिशेब सोपा आहे. दोन ट्रान्समीटर जवळ आले की ‘एकाची दुप्पट वजा दुसरा’ अशी तिसरी वारंवारता तयार होते. ७५१ ची दुप्पट वजा ७५० म्हणजे ७५२, म्हणजे तिसऱ्या माईकच्या डोक्यावरच. ७५२ ची दुप्पट वजा ७५१ म्हणजे चौथा. वारंवारतांत सारखं अंतर ठेवून माईक लावणं ही सगळ्यात महागडी सोय. अंतरं मुद्दाम वेडीवाकडी ठेवायची. शिवाय रिसीव्हरच्या तोंडाशी बसवलेला फिल्टर ७७६ पर्यंतचं सगळं आत घेतो, म्हणजे ७५८ पासूनचा टॉवर शेजारी बसून त्याला बहिरा करतोच. आणि फट मोकळी दिसते म्हणून ती आपली होत नाही.

‘५२० वर आणून देतो’ असं कुणी म्हणालं तर दारातूनच परत पाठवा. त्यासाठी फिल्टर, ऑसिलेटर, अँटेना सगळं बदलावं लागतं. तेवढ्यात नवा सेट येतो.

पैसे देण्याआधी स्टिकर सोलून पाठ वाचा. ‘५०० ते ९८० मेगाहर्ट्झ’ असं लिहिलेलं असेल तर ते काहीच न लिहिल्यासारखं आहे. स्वस्त सेट प्रत्यक्षात त्यातल्या लहानशा तुकड्यातच चालतो, तो तुकडा डिस्प्लेवर पाहा. डिस्प्ले नसेल तर सरळ दांड्याची अँटेना मोजा: ७५,००० भागिले मेगाहर्ट्झ म्हणजे मिलीमीटरमधली पाव-लहर लांबी. ५२० ला साडेचौदा सेंटिमीटर, ७५० ला दहा. रबरात गुंडाळलेल्या अँटेनाला हा हिशेब लागू नाही, आत तार गोल फिरवलेली असते. अमेरिकेसाठीचा ९०२–९२८ चा सेटही नको, आपल्याकडे ८९० ते ९१५ मध्ये फोन बोलतात. युरोपच्या ८६३–८६५ चा सेट आपल्या ८६५–८६८ च्या सवलतीत बसत नाही. ६१२ ते ६५२ आणि ६६३ ते ७०३ हे भाग २०२२ च्या लिलावात मांडले होते, तेव्हा गिऱ्हाईक आलं नाही, पण नवा माल त्या भागातला घेऊन उद्याचं दुखणं कशाला आणा? ५२०–६०० मधला सेट आज निवांत चालतो, पण तोही परवानामुक्त नाही, हे विकणारा सांगणार नाही.

मग चाचणी. ट्रान्समीटर बंद, रिसीव्हर चालू, स्क्वेल्च सगळ्यात खाली. दोन-तीन ५जी फोन अँटेनापासून फूटभर धरून मोठा व्हिडिओ अपलोडला लावा. दहा मिनिटं आरएफची पट्टी बघा. फोन त्या क्षणी ७०० वर असेलच असं नाही, म्हणून फोन एकापेक्षा जास्त आणि जागा रेंज कमी असलेली हवी. त्यानंतर घ्यायचे आहेत तेवढे सगळे माईक एकदम चालू करून एकेक बंद करा. बंद केलेल्याच्या रिसीव्हरवर पट्टी उरली तर वारंवारता चुकल्या आहेत. तालुक्यातल्या साउंडवाल्यांनी मिळून एक आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) घेतला तर लॅपटॉपवर अख्खा पट्टा डोळ्यांनी दिसतो.

पक्क्या बिलावर मॉडेल, सिरीयल नंबर आणि मेगाहर्ट्झ लिहून घ्या. ऑनलाइन पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, तासांचा फरक पडतो. मालाच्या तक्रारीला ग्राहक हेल्पलाइन १९१५, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. स्वतःच्या पोटासाठी साउंड भाड्याने देणाराही कायद्याने ग्राहक ठरतो. स्टिकर सोललं असेल तर फेकू नका, बिलाला टाचून ठेवा.

आणि तो सेट रागाने दुसऱ्या मंडळाच्या गळ्यात मारू नका. रिसीव्हर गेला समजा, पण हॅन्ड माईकचं डोकं बहुतेक वेळा पेचावर असतं. फिरवून काढा, त्याच कंपनीच्या, तसल्याच पेचाच्या दुसऱ्या पट्ट्यातल्या दांड्यावर बसतं. हेडसेटही वाचतो, फक्त पिन बघा. कुणाची ३.५ मिलीमीटर आट्यांची, कुणाची चार पिनांची, आणि वायरिंग प्रत्येकाचं वेगळं. खाऱ्या हवेने त्या पिनांवर हिरवं चढलेलं असतं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मगच लावा.