सासूबाईंची केमो आणि उलटीवरच्या गोळ्या : काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगते. केमोच्या उलटीवरची आजची औषधं खरंच चांगली आहेत. मात्र ती उलटी व्हायच्या आधी, घड्याळ बघून घ्यायची असतात, आणि घरच्या कपाटातली एकही जास्तीची गोळी त्यांच्यात मिसळायची नसते. पहिली गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पटली. दुसरीवरून अजून वाद चालतात.

सासूबाई, म्हणजे आई, सत्तरीला टेकलेल्या. मधुमेह जुना, आणि आता स्तनाचा कर्करोग. राहायला भांडुप, उपचार परळला. सुरुवातीला डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही जोडी होती, जिला डे केअरमध्ये, म्हणजे केमो घेऊन त्याच दिवशी घरी सोडतात त्या विभागात, सगळे ‘लाल औषध’ म्हणतात. उलटी करवण्यात ही जोडी वरच्या गटात मोडते. म्हणून एका गोळीवर भागत नाही, चार औषधं देतात : अ‍ॅप्रेपिटंट, ऑन्डान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन आणि ओलान्झापिन. खालचे आकडे आईंच्या चिठ्ठीतले आहेत. तुमच्या चिठ्ठीत वेगळे असतील तर तीच खरी.

चार कशाला, हा प्रश्न दिरांनी पहिल्याच दिवशी विचारला होता. केमोनंतरची उलटी दोन हप्त्यांत येते. पहिला हप्ता पहिल्या चोवीस तासांत, आतड्यातून सुटणाऱ्या सेरोटोनिनमुळे. तो ऑन्डान्सेट्रॉन बऱ्यापैकी अडवतं. दुसरा दुसऱ्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंत, आणि त्याचा रस्ता वेगळा. तिथे अ‍ॅप्रेपिटंट, डेक्सामेथासोन आणि ओलान्झापिन कामाला येतात. पहिला दिवस छान गेला म्हणून दुसऱ्या दिवशीची कॅप्सूल वाचवून ठेवणारे लोक डे केअरच्या बाकावर नेहमी भेटतात. तिसऱ्या दिवशी त्यांचे हाल होतात. आईही म्हणायच्याच, “अगं, मला काही होत नाहीये, मग गोळी कशाला?” होत नाहीये ते गोळीमुळेच, हे दर वेळी नव्याने सांगावं लागलं.

पहिल्या सायकललाच, म्हणजे केमोच्या पहिल्या फेरीतच, उलटी आटोक्यात ठेवण्याला आणखी एक कारण आहे. एकदा जोरात झाली की मेंदू ती जागेशी जोडून टाकतो. शेजारच्या बाकावरच्या एका काकूंना हॉस्पिटलच्या वाटेवरचं हिंदमाता आलं की टॅक्सीतच उमासे सुरू व्हायचे, औषध लागायच्या कितीतरी आधी. अशा वेळी नेहमीच्या गोळ्या फारशा चालत नाहीत, लोराझेपामसारखं मन शांत करणारं काहीतरी द्यावं लागतं. आईंच्या बाबतीत ते टळलं.

आता एकेक औषध. ऑन्डान्सेट्रॉनला माझ्याकडून उलटीसाठी पूर्ण मार्क, मळमळीसाठी निम्मे. उलटी थांबते, पण तोंडात पाणी सुटणं, अन्न नकोसं होणं उरतं. सगळ्यात मोठा त्रास बद्धकोष्ठाचा. हे कुणी ठळकपणे सांगत नाही. पोट तीन दिवस साफ झालं नाही की त्यानेच मळमळतं, मग घरातले म्हणतात ‘उलटीची गोळी वाढवू या’, आणि पोट आणखी घट्ट होतं. आम्ही डॉक्टरांना विचारून जुलाबाचं सौम्य औषध त्याच दिवसापासून सुरू केलं. डोकंही थोडं दुखतं.

जिभेवर विरघळणाऱ्या गोळीबद्दल एक गैरसमज आहे, की ती लवकर लागू पडते. तसं नसतं. ती विरघळते तोंडात, पण शोषली जाते पोटातूनच. पाण्याचा घोटही नको वाटतो तेव्हा तिचा उपयोग, आणि तो मोठा आहे. फॉइलमधून नेहमीच्या गोळीसारखी दाबून काढली तर चुरा होतो, कागद सोलून कोरड्या हाताने काढायची. मुंबईच्या पावसाळ्यात हवाच इतकी ओली असते की ती आदल्या रात्री काढून गोळ्यांच्या डब्यात ठेवणं म्हणजे सकाळी पीठ मिळणं. पट्टीतच राहू द्या.

अ‍ॅप्रेपिटंट पहिल्या दिवशी १२५ मिलिग्रॅम, केमोच्या तासभर आधी, पुढचे दोन दिवस ८० मिलिग्रॅम. कॅप्सूल वेगवेगळ्या ताकदीच्या असतात, म्हणून खोक्यावर दिवस लिहून ठेवा. हे औषध यकृतातल्या, औषधं मोडणाऱ्या एन्झाइमांशी खेळतं. डेक्सामेथासोन रक्तात जास्त वेळ टिकवतं, म्हणून त्याची मात्रा आधीच कमी करून दिलेली असते. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांना रक्ताची तपासणी पुन्हा करावी लागते. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम शेवटच्या कॅप्सूलनंतरही महिनाभर कमी राहू शकतो, हे तरुण पेशंटना मुद्दाम सांगायला हवं. आईंना याच दिवसांत उचक्या लागायच्या. अ‍ॅप्रेपिटंट आणि डेक्सामेथासोन दोन्हींनी लागू शकतात. “कोण एवढी आठवण काढतंय?” म्हणून त्यांनी अख्ख्या चिपळूणची नावं घेऊन झाली.

डेक्सामेथासोन सकाळी नाश्त्यानंतर. दुपारनंतर घेतलं की रात्रभर टक्क जागरण. मधुमेह असेल तर साखर वर जाणार हे गृहीत धरा. आम्ही त्या दिवसांत घरी बोटाची तपासणी वाढवली आणि मधुमेहाच्या डॉक्टरांना केमोच्या तारखा आधीच कळवल्या. याच्या उलटंही होतं, बरं का : खाल्लेलं टिकत नसताना साखर उतरवणारी गोळी नेहमीसारखी घेतली तर साखर एकदम खाली येऊ शकते. त्यासाठी काय करायचं ते आधी लिहून घ्या, रात्री अकराला फोन लावत बसू नका.

ओलान्झापिनवरून घरात खरी खळबळ झाली. नणंदेच्या मुलाने मोबाइलवर नाव टाकलं आणि जाहीर केलं की ही स्किझोफ्रेनियाची गोळी आहे. खरंच आहे. पण कमी मात्रेत, थोड्या दिवसांसाठी, मळमळ थांबवायला या चौघांत हिचाच हात मला सगळ्यात लक्षात राहिला. ऑन्डान्सेट्रॉन जिथे कमी पडतं, तिथे ही पुरी पडते. त्रास झोपेचा. पूर्वी १० मिलिग्रॅम देत. मुंबईच्याच टाटा मेमोरियलमध्ये २.५ मिलिग्रॅमची १० शी तुलना झाली. २०२४ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आलेल्या त्या अभ्यासात कमी मात्रा उलटी रोखण्यात मागे पडली नाही आणि गुंगी बरीच कमी होती. आईंना २.५ चीच गोळी होती, रात्री झोपताना. तरी पहाटे बाथरूमला जाताना तोल जायचा. पॅसेजमध्ये दिवा लावून ठेवला आणि ‘एकट्या उठायचं नाही’ असं बजावलं.

आता वादाचा भाग. आईंचा अ‍ॅव्होमिनवर गाढ विश्वास. कशेडी घाटातून एसटीने जन्मभर प्रवास केलेल्या बाईला दुसरं काय सांगणार! गाडी लागण्यावर ती गोळी चांगलीच आहे, निघायच्या आधी घ्यायची. पण ती कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेकडून येणाऱ्या उलटीसाठी, केमोचा रस्ता वेगळा. शिवाय तीही गुंगी आणणारी, म्हणजे ओलान्झापिनवर आणखी झोप. काचबिंदू किंवा लघवी अडकण्याचा त्रास असलेल्या म्हाताऱ्या माणसांना तर विचारल्याशिवाय नकोच, आणि दोन वर्षांखालच्या मुलांना तिच्यातलं प्रोमेथाझिन अजिबात नको.

दुसरा पाहुणा मागच्या दाराने आला. आम्लपित्तासाठी जवळच्या दवाखान्यातून एक कॅप्सूल मिळाली, नावापुढे ‘डीएसआर’. त्यातला ‘डी’ म्हणजे डॉम्पेरिडोन, बहुतेकदा ३० मिलिग्रॅम. युरोपात २०१४ पासून डॉम्पेरिडोनची मोठ्यांसाठीची दिवसाची कमाल मर्यादाच ३० आहे, तीही साधारण आठवड्यापुरती. आपल्याकडे लोक महिनोन् महिने रिकाम्या पोटी घेतात आणि ‘अ‍ॅसिडिटीची साधी गोळी’ म्हणतात. डॉम्पेरिडोन आणि ऑन्डान्सेट्रॉन दोघंही हृदयाच्या प्रत्येक ठोक्यातला, ईसीजीवर दिसणारा क्यूटी नावाचा काळ लांबवतात. उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम, मॅग्नेशियम उतरलेलं असेल तर ठोका बिघडण्याचा धोका आणखी वाढतो. ऑन्डान्सेट्रॉनचा ३२ मिलिग्रॅमचा एकदम द्यायचा शिरेतला डोस अमेरिकेत २०१२ मध्ये याच कारणाने बंद झाला. आईंच्या ऑन्कॉलॉजिस्टनी ती कॅप्सूल बदलून नुसतं आम्ल कमी करणारं पॅन्टोप्राझोल दिलं आणि ईसीजी काढला. तेव्हापासून कुठल्याही डॉक्टरकडे जाताना सगळ्या गोळ्यांचा एकच कागद बरोबर असतो, ब्रँडच्या नावाशेजारी आतलं औषध लिहिलेला.

मेटोक्लोप्रमाइड हे उलटीवरचं आणखी एक औषध आम्हाला लागलं नाही. ओलान्झापिन चालू असताना ते देत नाहीत, कारण दोघं मेंदूतल्या एकाच डोपामिनच्या वाटेवर बसतात. पण गॅस्ट्रोत त्याचं इंजेक्शन सर्रास मिळतं, म्हणून लिहिते : त्यानंतर मान वाकडी झाली, डोळे वर गेले, जबडा आवळला तर ती फिट नसते, अंगातही आलेलं नसतं. औषधाचीच प्रतिक्रिया असते, तरुण मुलींत जास्त, आणि उताऱ्याच्या इंजेक्शनने थोड्याच वेळात उतरते. लगेच दवाखाना गाठायचा आणि कोणतं औषध दिलं होतं ते सांगायचं. युरोपात २०१३ पासून ते पाच दिवसांपेक्षा जास्त देऊ नये असं ठरलंय.

गोळीच्या भरवशावर घरी बसायचं नाही अशा वेळाही आहेत. दिवसभर पाणीही टिकत नाही, लघवी कमी आणि गडद होते, उलटीत रक्त किंवा कॉफीसारखा चोथा येतो, पोट फुगून वारा सरत नाही. आणि केमोनंतर १००.४ अंशांवर ताप, मग उलटी असो वा नसो. आमच्या फ्रिजवर हॉस्पिटलचा रात्रीचा नंबर चिकटवलेला आहे.

खाण्यापिण्याचं थोडक्यात : गार पेज, साळीच्या लाह्या, आलेपाकाची वडी, थोडं थोडं. फोडणी त्या आठवड्यात आईंच्या नाकापासून लांब. शेजारच्या इमारतीतल्या मालवणी खानावळीला मात्र हे सांगता येत नाही.

आता लाल औषध संपलं, दर आठवड्याचं पॅक्लिटॅक्सेल सुरू आहे. त्याने उलटी फार कमी होते, म्हणून चिठ्ठीवरच्या चार ओळींची दीड ओळ झाली. कपाटात ऑन्डान्सेट्रॉनची एक पट्टी उरली. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी ती गरोदर लेकीसाठी मागितली, मी दिली नाही. वहिनी दोन दिवस रुसल्या. लेकीच्या डॉक्टरांनी तिला डॉक्सिलामिन आणि बी६ असलेली गोळी रात्री झोपताना घ्यायला दिली आहे, आणि ती सकाळी चहा पिऊ शकते.