पेंटॅक्स के-१००० : साताऱ्यात सगळे ऋतू वापरून झाल्यावर

गेल्या गणपतीच्या आधी हा फिल्मचा कॅमेरा पुण्यातून सेकंडहँड घेतला, ५० एमएम एफ/२ लेन्ससकट. आता पुन्हा पावसाळा तोंडावर आलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

कोडॅकमध्ये स्टीव्ह सॅसन यांनी १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला आणि पुढच्याच वर्षी हा पूर्ण मेकॅनिकल के-१००० बाजारात आला, १९९७ पर्यंत बनत राहिला. सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला, एलआर-४४, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. सेल संपला तरी शटर पडतंच. मीटर बंद करायला बटण नाही. काम झालं की लेन्सला झाकण लावायचं, नाहीतर सेल उतरतो. व्ह्यूफाइंडरमध्ये उजवीकडे मीटरचा एक काटा दिसतो, बाकी आकडे काहीच नाहीत. पहिल्या रोलला याची चिडचिड झाली, पण नंतर डोळ्याला लावायच्या आधीच हात लेन्सच्या रिंगवर जायला लागला.

याचं खरं मोल मला साताऱ्याजवळच्या लिंब गावच्या बारा मोटांच्या विहिरीत कळलं. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळातली ही विहीर. पायऱ्या उतरताना वर रखरखीत ऊन आणि पायाशी जवळजवळ काळोख. फोन अशा जागी दोन-चार एक्स्पोजर एकत्र करून सगळं सारखंच उजळवून टाकतो. फोटो स्वच्छ येतो, पण विहीर उथळ वाटते. मी इलफर्डचा एचपी-५ हा ब्लॅक अँड व्हाइट रोल घातला होता. सावलीतल्या दगडावर मीटर धरलं, तिथून एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड, कमी केला आणि वरच्या उन्हाची काळजी सोडली. निगेटिव्ह फिल्म जास्तीचा उजेड बराच सोसते. रोल धुऊन वाळल्यावर निगेटिव्ह खिडकीशी धरली. सावलीचा भाग म्हणजे जवळपास कोरी, पारदर्शक पट्टी, आणि तरी तिच्यात दगडावरचे टाकीचे घाव दिसत होते. वरची कमान उन्हात, खाली उतरत जाणारा अंधार तसाच अंधार. विहीर खोल दिसत होती. एवढ्यासाठी मी फिल्मचा खर्च करतो.

कासला मात्र मर्यादा कळल्या. ही लेन्स ४५ सेंटिमीटरच्या आत फोकस होत नाही, त्यामुळे सीतेची आसवं किंवा गेंदाचं एकटं फूल विसरा; गालिचाच टिपायचा. धुक्यात मीटर फसतं, पांढऱ्याला राखाडी करू पाहतं. काटा जे सांगतो त्याहून एक स्टॉप जास्त द्या. आणि त्या दमट हवेतून परत आल्यावर कॅमेरा बॅगेत कोंडून ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. बुरशी एकदा लेन्समध्ये शिरली की काढणं अवघड.

ब्लॅक अँड व्हाइट मी घरीच धुतो. धुण्याचं रसायन डी-७६, एकास एक पाणी, २० अंशाला ११ मिनिटं. आमच्याकडे एप्रिलमध्ये नळाचं पाणी कोमटच येतं, म्हणून बादलीत बर्फ घालून बाटल्या गार करून घेतो. काळ्या पिशवीत हात घालून अंदाजाने रीळ चढवणं हेच काय ते कष्टाचं काम. कलरला ३८ अंश नेमके राखावे लागतात, ती झंझट नको म्हणून ते रोल कुरिअरने पुण्याला जातात आणि स्कॅन यायला आठवडा तरी लागतो. मला ही वाट बघणं आवडतं. गावातल्या माझ्या नेहमीच्या स्टुडिओने रोल धुणं केव्हाच बंद केलंय.

खर्च कमी नाही. रोल, धुणं, स्कॅन मिळून कलरच्या एका फोटोला तीस-चाळीस रुपये पडतात. त्यामुळे घरच्या कार्यक्रमाचे ढीगभर फोटो मी फोनवरच काढतो. आजीचे चार मात्र यावर.

फिल्मचं आता काही खरं नाही असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: कोडॅकचा एक्टाक्रोम हा कलर रोल २०१८ मध्ये परत आला आणि पेंटॅक्सनेच २०२४ मध्ये पेंटॅक्स १७ हा नवा कोरा फिल्म कॅमेरा काढला. तो हाफ फ्रेमचा आहे, एका रोलमध्ये दुप्पट फोटो बसतात.

के-१००० घ्यायला जाल तेव्हा मागचं दार उघडून, उजेड आत शिरू नये म्हणून लावलेला कडेचा फोम बोटाने तपासा. चिकट काळा झाला असेल तर बदलावा लागणार. तो धरूनच भाव करा. लेन्स काढून आरपार मोबाईलचा टॉर्च मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर सरळ परत द्या. शटर एक सेकंदावर ठेवून दाबा, कानाने ऐका. मध्येच अडकलं तर सर्व्हिसिंग आलंच, आणि हे कॅमेरे खोलणारे जुने कारागीर आता शोधून काढावे लागतात.