गावभागातल्या घरात डाली दिवे आणि होम असिस्टंट : दहा महिन्यांच्या वापरानंतर

आमचे घर सांगलीच्या गावभागात आहे. 2019 च्या ऑगस्टमधील महापुरात तळमजल्यावर कमरेच्या वर पाणी उभे होते आणि त्यानंतर डागडुजी करत चालवलेले वायरिंग शेवटी पूर्ण काढून नवे करावे लागले. भिंती फोडायच्याच आहेत तर दिव्यांचे नियंत्रणही नीट करून घ्यावे, असे आम्ही ठरवले. घरातील सर्व दिवे डाली पद्धतीने, म्हणजे प्रत्येक दिव्याला तारेवरून आदेश देता येतील असे, जोडले आणि ती यंत्रणा होम असिस्टंट या घरातली उपकरणे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरशी जुळवली. गुढीपाडव्याला सारे सुरू झाले, आता माघ संपत आला आहे. मधल्या काळात एक पूर्ण पावसाळा, गणपती आणि दिवाळी होऊन गेली, वीज असंख्य वेळा गेली आणि आली. मी कर सल्लागार म्हणून घरूनच काम करते, त्यामुळे या यंत्रणेशी दिवसभर माझा संबंध येतो. ज्यांच्या घरी नवे वायरिंग व्हायचे आहे, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

वायफायचे स्वस्त स्विच उपलब्ध असताना डाली का, हा प्रश्न आमच्या वायरमननेही विचारला होता. जुन्या घराच्या दीड फुटी भिंतींतून वायफाय धड पोहोचत नाही, हे एक कारण. दुसरे आणि माझ्या दृष्टीने मुख्य कारण असे, की घरातला दिवा इंटरनेटवर किंवा एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असता कामा नये. डाली हे आयईसी 62386 या मानकाने ठरलेले, मोठ्या इमारतींत रुळलेले तंत्र आहे. प्रत्येक दिव्याच्या ड्रायव्हरला, म्हणजे त्याला वीज पुरवून प्रखरता ठरवणाऱ्या भागाला, नेहमीच्या विजेबरोबर आणखी दोन तारा जातात आणि त्या दोन तारांवरून आदेश पोहोचतात. तारांच्या या जोडीला बस म्हणतात. एका बसवर 64 ड्रायव्हर, 16 गट आणि प्रत्येक ड्रायव्हरमध्ये साठवता येणारी 16 दृश्ये, म्हणजे आधी ठरवलेल्या प्रकाशपातळ्या, एवढी त्याची मर्यादा आहे. आमच्या घरात 34 ड्रायव्हर आणि 9 गट आहेत, म्हणजे मर्यादेपासून आम्ही बरेच दूर आहोत. या दोन तारांना अधिक-उणे नसते. वायरमनचा त्यावर विश्वास बसेना. "वैनी, कशाही लावा म्हणताय खरं, उद्या जळलं तर?" असे तो दोनदा म्हणाला, आणि पहिला दिवा मुद्दाम तारा उलटवून लावून पाहिल्यावरच त्याने पुढचे काम हाती घेतले.

पत्ते देण्याच्या कामाबद्दल मात्र कोणी आधी सांगत नाही. बस प्रथम सुरू केली, की ड्रायव्हरांना 0 ते 63 मधील क्रमांक मिळतात, पण कोणता क्रमांक कोणत्या खोलीत गेला हे आपणच शोधायचे असते. मी वरच्या मजल्यावर पॅनेलपाशी लॅपटॉप घेऊन बसले आणि सासूबाई खाली सोप्यात खुर्ची टाकून बसल्या. मी एकेक क्रमांक लुकलुकवत होते आणि त्या खालून ओरडून सांगत होत्या, "माजघर, खिडकीजवळचा! आता देवघर! अगं, हा जिन्यातला की मोरीतला, थांब बघून येते." सव्वा तासात 34 दिव्यांची यादी तयार झाली. ती यादी छापून पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे. भाद्रपदात स्वयंपाकघरातला एक ड्रायव्हर बिघडला, तेव्हा नव्याला जुनाच क्रमांक आणि गट देऊन अर्ध्या तासात काम संपले, ते केवळ त्या यादीमुळे. यादी नसती तर पुन्हा पहिल्यापासून शोधाशोध करावी लागली असती.

भिंतीवरची बटणे हा या साऱ्या रचनेचा कणा आहे. ती नेहमीच्या स्विचसारखी वर-खाली होणारी नाहीत, दारावरच्या बेलसारखी दाबून सुटणारी आहेत. प्रत्येक बटणामागे एक छोटा कप्लर आहे, जो बसवरूनच वीज घेतो आणि आदेश थेट दिव्यांच्या गटाला देतो. या मार्गात होम असिस्टंटचा कुठेही संबंध येत नाही. एकदा दाबले की दिवा लागतो किंवा विझतो, दाबून धरले की मंद वा प्रखर होतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर सासूबाईंना प्रखर उजेड सोसत नव्हता. त्यांनी दोन दिवसांत ही सवय करून घेतली आणि आता त्यांच्या खोलीतला प्रकाश त्या स्वतःच्या डोळ्यांना मानवेल तसा ठेवतात. मोबाइलवर त्यांनी एकदाही दिवा लावलेला नाही आणि तशी गरजही पडू नये, असा आमचा आग्रह होता.

होम असिस्टंट हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. 2013 मध्ये पॉलस शूट्सेन यांनी त्याची सुरुवात केली आणि 2024 पासून ते ओपन होम फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. आमच्याकडे ते रास्पबेरी पाय 4 या तळहाताएवढ्या संगणकावर चालते. डाली बस आणि सॉफ्टवेअर यांच्यामध्ये एक गेटवे आहे, जो बसवरची भाषा एमक्यूटीटीच्या, म्हणजे होम असिस्टंटला समजणाऱ्या, संदेशांत बदलतो. जोडणी एका संध्याकाळी झाली. ती मनासारखी वागायला मात्र सहा आठवडे लागले.

पहिली अडचण प्रकाशाच्या मोजमापाची होती. पडद्यावरची पट्टी मी 50 टक्क्यांवर आणली, की माझ्या कामाच्या टेबलावर जवळपास अंधार होई. ड्रायव्हर खराब आहे असे वाटून मी तो बदलून घ्यायला निघाले होते. कारण वेगळेच निघाले. डालीची पातळी 0 ते 254 अशी मोजतात आणि तिचा वक्र लॉगरिदमिक असतो, म्हणजे खालच्या पातळ्यांत प्रकाश अगदी हळू आणि वरच्या पातळ्यांत झपाट्याने वाढतो, कारण आपल्या डोळ्यांची जाणीव साधारण तशीच चालते. त्यामुळे 128 या पातळीला प्रत्यक्ष प्रकाश सुमारे 3 टक्केच असतो, 170 ला सुमारे 10 टक्के, आणि निम्मा प्रकाश हवा असेल तर पातळी 229 लागते. आमचा गेटवे पट्टीवरचा आकडा जसाच्या तसा पुढे पाठवत होता. ड्रायव्हरचा वक्र सरळ रेषेचा करण्याची सोय आहे आणि मी ती करून पाहिली, पण मग भिंतीवरचे बटण दाबून धरल्यावर मंद प्रकाशाचा सारा टप्पा क्षणात निघून जातो आणि सासूबाईंना हवा तेवढा उजेड पकडता येत नाही. म्हणून वक्र पूर्ववत केला आणि पट्टी वापरणेच सोडले. आता प्रत्येक खोलीसाठी 254, 229 आणि 170 अशा तीन पातळ्यांची दृश्ये ड्रायव्हरमध्येच साठवलेली आहेत आणि सॉफ्टवेअर फक्त दृश्याचा क्रमांक सांगते. टक्क्यांच्या मागे लागण्यापेक्षा हाच मार्ग धरावा, असे माझे ठाम मत आहे.

सोप्यातले सहा दिवे एकामागून एक लागत, तेही याच प्रकारातले. मी सॉफ्टवेअरमध्ये गट केला होता, त्यामुळे सहा वेगळे आदेश बसवर जात. बसचा वेग सेकंदाला 1200 बिट इतकाच आहे, तेव्हा ती लाट डोळ्यांना दिसणारच. गट डालीतच केल्यावर सहाही दिवे एका क्षणी लागू लागले. गेटवे दिव्यांची स्थिती सतत विचारत राहिल्यामुळे बटणाचा आदेशही कधीकधी उशिरा पोहोचत असे. एक प्रश्न आणि त्याचे उत्तर यांत अंदाजे 40 मिलिसेकंद जातात, म्हणजे 34 दिव्यांच्या एका फेरीत बस सव्वा सेकंदाहून अधिक काळ अडकून पडते. ही विचारपूस मिनिटाला एक फेरी इतकी कमी केली आणि बटणांचे आदेश गेटवेला नुसते ऐकत राहायला लावले. तेव्हापासून तक्रार नाही.

सर्वांत जास्त शिकवले ते वीज जाण्याने. आमच्याकडे बहुतेक घरांप्रमाणे इन्व्हर्टरची लाइन वेगळी आहे आणि 34 पैकी 12 ड्रायव्हर तिच्यावर आहेत. वैशाखात एका वळवाच्या रात्री पावणेदोनला वीज गेली आणि घरातले ते बाराही दिवे, विझवलेले असूनही, पूर्ण प्रखरतेने लागले. सासूबाई दचकून उठल्या. मी धावत जाऊन ते एकेक विझवू लागले, तर एकही बटण काम करेना. पाऊण तासाने वीज आली तेव्हा उरलेले 22 दिवेही लागले आणि सगळे घर लग्नघरासारखे उजळून निघाले.

दोन्ही गोष्टी मानकाप्रमाणेच घडल्या होत्या, हे मला नंतर कळले. बसला वीज देणारा पुरवठा आम्ही मेन लाइनवर ठेवला होता. वीज गेल्यावर बस मेली, पण इन्व्हर्टरवरचे ड्रायव्हर जिवंत होते. बस अर्ध्या सेकंदाहून जास्त काळ मृत दिसली, की ड्रायव्हर बिघाड समजून ठरलेल्या पातळीवर जातो आणि ती कारखान्यातून 254 ठेवलेली असते, म्हणजे पूर्ण प्रकाश. कार्यालयात हे योग्यच आहे, कारण तिथे यंत्रणा बिघडली तरी लोकांना अंधारात ठेवायचे नसते. त्याचप्रमाणे वीज परत येताना दिवा कोणत्या पातळीवर लागावा, हीही एक नोंद असते आणि तीही मुळात 254 च असते. बटणे चालेनात, कारण त्यांना वीज बसवरूनच मिळते. उपाय सोपा होता. बसचा पुरवठा, गेटवे, रास्पबेरी पाय आणि राउटर हे सारे इन्व्हर्टरच्या लाइनवर आणले आणि दोन्ही नोंदी 255 केल्या. पहिल्या नोंदीत 255 चा अर्थ आहे तसेच राहा, आणि दुसऱ्या नोंदीत शेवटची पातळी आठव.

एवढ्यानेही पूर्ण भागत नाही, कारण संध्याकाळी दिवे चालू असताना गेलेली वीज रात्री दोनला आली, तर ते दिवे आठवणीने पुन्हा लागतात. इथे होम असिस्टंटचा खरा उपयोग झाला. मेन लाइनवर एक रिले, म्हणजे विजेने चालू-बंद होणारा स्विच, बसवून त्याचा संपर्क ईएसपी32 च्या छोट्या बोर्डाला दिला आहे, त्यामुळे मेनची वीज कधी आली हे सॉफ्टवेअरला समजते. ती रात्री अकरा ते पहाटे पाचच्या दरम्यान आली, तर ते दोन सेकंद थांबून त्या 22 दिव्यांना विझण्याचा आदेश देते. पावसाळ्यात हा नियम किती वेळा चालला याची मोजदाद मी ठेवली नाही, पण त्या रात्रीसारखी रात्र पुन्हा आली नाही.

श्रावणात रास्पबेरी पायचे मेमरी कार्ड गेले. इन्व्हर्टर मेनवरून बॅटरीवर जाताना जो क्षणभराचा खंड पडतो, त्यात पाय दर वेळी बंद होऊन पुन्हा सुरू होत असे आणि शेवटी कार्डाने मान टाकली. चार दिवस घरात होम असिस्टंट नव्हते. घरच्यांच्या ते लक्षातही आले नाही. फक्त रात्री पाणी प्यायला उठल्यावर बोळातला दिवा आपोआप लागत नाही, एवढे सासूबाईंनी तिसऱ्या दिवशी विचारले. या दहा महिन्यांत मला सर्वाधिक समाधान देणारी घटना हीच आहे. दिवे आपल्या जागी शहाणे आहेत आणि सॉफ्टवेअर त्यांच्या मदतीला आहे, ही रचना त्या चार दिवसांत कसोटीला उतरली.

मग कार्डाऐवजी एसएसडी लावली, इन्व्हर्टर यूपीएस मोडवर केला, म्हणजे तो खंड अगदी लहान होईल, आणि दर रविवारी बॅकअप दुसऱ्या संगणकावर जाईल अशी व्यवस्था केली. त्यातून एक नवीच अडचण निघाली. हालचाल, उजेड वगैरे कळवणारे माझे सेन्सर झिगबी या बिनतारी पद्धतीने जोडलेले आहेत, ते एकेक करून गायब होऊ लागले. यूएसबी 3 च्या पोर्टमधून आणि केबलमधून 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, झिगबीही त्याच पट्ट्यात चालते आणि माझा झिगबी डोंगल, म्हणजे सेन्सरांशी बोलणारा यूएसबी रेडिओ, एसएसडीला अगदी खेटून होता. दीड मीटरची एक्स्टेन्शन केबल लावून तो दूर नेला, तेव्हा सारे सेन्सर परत आले.

सेन्सरांबद्दल थोडक्यात. बोळात हालचाल ओळखणारा साधा पीआयआर सेन्सर आहे आणि रात्री तो दिवा 85 च्या पातळीवर, म्हणजे जेमतेम 1 टक्क्यावर लावतो. डोळे दिपत नाहीत आणि उंबरा दिसतो. माझ्या कामाच्या खोलीत मात्र पीआयआर निरुपयोगी ठरला, कारण विवरणपत्रे भरताना मी तासभर जवळपास स्थिर बसलेली असते आणि दिवा विझून जातो. त्याजागी स्थिर बसलेला माणूसही ओळखणारा रडारचा सेन्सर आणला, तर तो छताच्या पंख्यालाच माणूस समजू लागला. त्याची संवेदनशीलता आणि जागा बदलून पाहते आहे. पंख्याच्या घरात हे सेन्सर घेताना विचार करावा. सोप्यातले दिवे सूर्यास्ताला लागतात. तो जूनअखेरीस सातनंतर आणि नोव्हेंबरअखेरीस सहाच्या आत होत असल्याने घड्याळाची वेळ चालत नाही. आषाढात आभाळ भरले, की पाचलाच घरात काळोख होतो, त्यासाठी सोप्याच्या खिडकीत प्रकाश मोजणारा सेन्सर ठेवला आहे.

खर्च साध्या वायरिंगच्या सुमारे अडीचपट आला, त्यात ड्रायव्हर आणि गेटवे यांचा वाटा मोठा होता. वायरिंग बदलायचेच नसेल, तर माझ्या मते या वाटेला जाऊ नये.

एक चूक अजून दुरुस्त व्हायची आहे. पुराचा विचार करून पॅनेल, बसचा पुरवठा आणि गेटवे वरच्या मजल्यावर ठेवले, पण दोन्ही मजल्यांची बस मात्र एकच ठेवली. खाली पाणी शिरून बटणांच्या पेटीत त्या दोन तारांचा शॉर्ट झाला, तर वरच्या मजल्याचीही बस बसेल आणि सगळी बटणे बंद पडतील, तेही नेमके वर राहायची पाळी आलेली असताना. इर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे, आणि पाणी चाळिशीकडे सरकू लागले, की आमच्या गल्लीत सामान वर चढू लागते. त्या वेळी पॅनेलमधला एक एमसीबी खाली ओढला, की तळमजल्याची वीज आणि बस दोन्ही सुटावीत, अशी रचना हवी. त्यासाठी दुसरा बस पुरवठा मागवला आहे, गेटवेला दुसऱ्या बसची जागा आहेच. खालचे 19 ड्रायव्हर त्या बसवर घ्यायचे आहेत. वायरमनने चैत्रातला पहिला आठवडा दिला आहे आणि दाराच्या आतली यादी त्यानंतर पुन्हा छापावी लागेल.