बर्डीवरची ‘ट्यून केलेली’ बासरी: पैसे देण्याआधी काय तपासावं

नागपुरात बर्डीच्या फुटपाथवर किंवा फुटाळा तलावाच्या काठावर काठीला बासऱ्या खोचून फिरणारा माणूस शंभर-दीडशेला बासरी देतो. ते खेळणं आहे हे घेणाऱ्यालाही माहीत असतं, त्यामुळे त्यात फसवणूक नाही. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा तीच बासरी वॉर्निश मारून, लाल-काळा दोरा गुंडाळून, ‘काळी एक, प्रोफेशनल’ (काळी एक, पांढरी पाच ही पट्टीची, म्हणजे सा पेटीच्या कोणत्या पट्टीवर आहे त्याची नावं) असं स्टिकर लावून सातशे-आठशेला खपवली जाते. क्लासमध्ये तानपुऱ्याशी सूर जुळवायला बसलं की ती उघडी पडते आणि तोवर परत घ्यायला कोणी तयार नसतं.

विक्रीची रीत ठरलेली आहे. विक्रेता स्वतः एखादी धून वाजवतो, ती गोड वाटते, गिऱ्हाईक खिशात हात घालतं. पण हात बसलेला माणूस ओठ आणि फुंकीचा कोन किंचित बदलून वीस-पंचवीस सेंटची चूक सहज झाकतो. सेंट हे सूर मोजायचं माप, शंभर सेंट म्हणजे अर्धा स्वर, म्हणजे ही चूक लहान नाही. नवशिक्याला असं झाकता येत नाही, त्याला बासरी जो सूर देईल तोच लागतो. शिवाय वाजवलेली बासरी एक आणि कागदात गुंडाळून दिलेली दुसरीच, हाही प्रकार चालतो. म्हणून वाजवून दाखवलेलीच बासरी हातात घ्या आणि विक्रेत्याला सांगा, “दादा, धून नको, एकेक सूर लांबवून लावा.”

स्वस्त बासरी बेसूर का असते? कारण प्रत्येक बांबूची आतली पोकळी आणि भिंतीची जाडी वेगळी असते. चांगला कारागीर तापलेल्या गजाने भोक आधी लहान पाडतो, सूर ऐकतो आणि कडा घासत घासत ते हव्या स्वरापर्यंत आणतो. स्वस्त मालात एकाच साच्यावरून सगळ्या बांबूंना सारखी भोकं पडतात. दहा नळ्यांत एखादी योगायोगाने सुरात निघते, बाकीच्याही त्याच भावात जातात. सहाही भोकं अगदी एका मापाची आणि घासल्याची खूण कुठेच नाही, असं दिसलं तर संशय घ्या. एका बाजूने घासून किंचित लांबट झालेलं भोक वाईट दिसतं, पण बहुतेक वेळा ते मेहनतीची खूण असतं. मात्र भोकाच्या आतल्या कडेला मेण किंवा एम-सील भरून वर तपकिरी रंग दिला असेल, तर भोक चुकून मोठं पडलंय आणि ते लपवलंय. नखाने खरवडून पाहा.

आता खरी परीक्षा. मोबाइलमध्ये कुठलंही मोफत ट्यूनर अ‍ॅप चालतं, ते ४४० हर्ट्झवर ठेवा. बासरीत आधी दोनेक मिनिटं फुंका, थंड बासरी उतरलेलीच असते. वरची, म्हणजे फुंकेच्या भोकाकडची तीन भोकं बंद केली की सा. एक आणखी उघडलं की रे, मग ग, सगळी उघडी म्हणजे तीव्र म. सगळी बंद केली की खालचा प, त्यातलं शेवटचं उघडलं की ध, त्यावरचंही उघडलं की नी. मध्यम, स्थिर फुंकीने प्रत्येक सूर लावा आणि काटा पाहा.

इथे एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर चांगली बासरीही नाकाराल. ट्यूनर पियानोच्या हिशेबाने चालतो. आपला शुद्ध ग त्यापेक्षा १४ सेंट खाली असतो, ध १६ आणि नी १२ खाली. तेवढा फरक दिसला तर बासरी बरोबर आहे. रे किंवा प मात्र पंधरा-वीस सेंट सरकलेला असेल, तर ती बासरी ठेवून द्या.

मग सप्तक. सगळी भोकं बंद ठेवून हळू फुंकून खालचा प आणि जोरात फुंकून वरचा प लावा. दोघांच्या काट्यात वीस सेंटपेक्षा जास्त तफावत असेल, तर एक तर बूच (फुंकेच्या भोकाजवळचं बंद टोक अडवणारं) जागेवर नाही, नाहीतर पोकळी वेडीवाकडी आहे. बूच एक-दोन मिलिमीटर सरकवून सुधारलं तर ठीक. पोकळीला इलाज नाही.

स्टिकरवरच्या पट्टीचा घोळ तर निराळाच. आपल्याकडे बासरीची पट्टी तीन भोकं बंद करून येणाऱ्या सा वरून ठरते. काही ठिकाणी सगळी भोकं बंद करून येणारा सूर लिहितात. मग ‘पांढरी पाच’ म्हणून घेतलेली बासरी प्रत्यक्षात पांढरी एक निघते आणि क्लासमध्ये सगळ्यांत वेगळी वाजते. लांबीवरूनही अंदाज येतो: मध्यम सप्तकाची पांढरी एक सुमारे १८-१९ इंच, पांढरी तीनची मोठी बासरी २९-३० इंच. ही मोठी बासरी दहा वर्षांच्या मुलाला विकणारे आहेत. बोटं पोहोचत नाहीत, मूल महिन्याभरात सोडून देतं.

नागपूरच्या उन्हाची सबब हमखास ऐकू येते: “गरमीने चढली आहे भाऊ.” अर्धं खरं आहे. हवा एक अंशाने तापली की बासरी साधारण तीन सेंट चढते. श्वासाने आतली हवा थोडी सावरते, तरी जानेवारीच्या सकाळी १२ अंशात जुळवलेली बासरी मे महिन्याच्या ४५ अंशात चढी लागणारच. पण चढते ती सगळी मिळून. एकटा रे चढला असेल, तर दोष भोकाचा आहे, उन्हाचा नाही.

बांबूबद्दलही थापा चालतात. बासरीला लागतो तो पातळ भिंतीचा, लांब पेराचा बांबू, तो मुख्यतः आसामच्या सिलचर भागातून येतो. उत्तर प्रदेशातल्या पीलीभीतचे कारागीरही तोच वापरतात. ‘गडचिरोलीचा खास बांबू’ म्हणून कोणी बासरी दाखवली तर हसून पुढे जा. आपल्याकडचा मानवेल जवळपास भरीव आणि कटांग जाड भिंतीचा, दोन्ही लाठीला आणि बांधकामाला उत्तम. कच्चा, हिरवा बांबू गॅसच्या ज्योतीने भाजून पिकल्यासारखा तपकिरी करतात. तो नंतर आक्रसतो, सूर हलतात आणि तडा जातो. हातात जड लागणारी, उघड्या टोकाला ओलसर वास येणारी बासरी घेऊ नका. टाचणीएवढी छिद्रं आणि आपटल्यावर पिठासारखा भुसा पडला, तर भुंगा लागलाय.

दोरा मजबुतीसाठीही बांधतात आणि तडा झाकण्यासाठीही. ओळखायचं असं: सहाही भोकं बोटांनी बंद करा आणि खालचं टोक सोबतच्या माणसाला तळव्याने बंद करायला सांगा. टोकाजवळ जादा भोक असेल तर तेही त्यालाच दाबायला सांगा. फुंकेच्या भोकातून हवा ओढा. ओठ चिकटून राहिले तर बासरी घट्ट आहे. लगेच सुटले तर दोऱ्याखाली तडा आहे किंवा बूच ढिलं आहे. आतून तेल चोपडलेलं असेल तर बारीक तडा तात्पुरता झाकला जातो, म्हणून आधी कापडाने पुसून घ्या.

ऑनलाइन घेताना त्याच बासरीचा, ट्यूनर शेजारी ठेवून काढलेला व्हिडिओ मागा. पार्सल उघडतानाचं चित्रण ठेवा. ‘ट्यून केलेली’ म्हणून बेसूर आली आणि विक्रेता ऐकत नसेल, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. दुकानातून घेत असाल तर बिलावर नुसतं ‘बासरी १ नग’ नको. पट्टी, लांबी आणि ‘आठ दिवसांत बदलून मिळेल’ एवढं लिहून घ्या. लिहून द्यायला कां-कूं करणाऱ्याकडून स्टिकरचे पैसे देऊन घेऊ नका, खेळण्याच्या भावात देत असेल तर विचार करा.